तीन पायांचा कुत्रा आणि गुळगुळीत फरशी

"पाय काढावा लागेल," असं डॉक्टर म्हणाले की बहुतेक माणसांना पुढचं काही ऐकूच येत नाही. कुत्रा टेबलावर जीभ बाहेर काढून धापा टाकत असतो, डॉक्टर एक्स-रे उजेडात धरून काहीतरी दाखवत असतात, आणि मालकाच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो: त्यापेक्षा एक इंजेक्शन देऊन सोडवलेलं बरं नाही का? असं विचारणारा माणूस निर्दयी नसतो. तो स्वतःला कुत्र्याच्या जागी ठेवून बघत असतो, आणि नेमकं तिथेच चुकतं. माणसाचा एक पाय गेला की निम्मा आधार जातो. जिना, नोकरी, लोकलचा डबा, सगळंच अवघड होऊन बसतं. कुत्र्याचा एक गेला तरी तीन उरतात. शिवाय त्याला आरशात बघायचं नसतं आणि चार लोकांत मिरवायचंही नसतं.

आणखी एक गोष्ट त्या गडबडीत लक्षात येत नाही. ज्या पायाबद्दल बोलणं चाललेलं असतं तो बहुतेक वेळा आधीच कामातून गेलेला असतो. कुत्रा कित्येक दिवस तो उचलून धरून तीन पायांवरच चालत असतो, आणि चौथ्याची वेदना मात्र बरोबर वागवत असतो.

आपल्याकडे पाय जाण्याचं नेहमी दिसणारं कारण म्हणजे रस्ता. चाकाखाली पंजा चिरडला तर कारण उघड दिसतं. पण एक दुखापत अशी असते की वरून काहीच कळत नाही. पुढच्या पायाकडे जाणाऱ्या नसांचं एक जाळं काखेतून जातं. धडकेने पाय जोरात ओढला गेला की या नसा मणक्याजवळ मुळापासून उपटून येतात. हाड शाबूत, जखम नाही, एक्स-रे स्वच्छ, आणि पाय लुळा. कुत्रा पंजा उलटा दुमडून फरफटत नेतो. पंजाला संवेदना नसते, त्यामुळे कातडी सोलवटली तरी त्याला पत्ता नसतो. काही कुत्री तर तो पंजा स्वतःच कुरतडतात. अशा वेळी डॉक्टर चिमट्याने बोट जोरात दाबतात आणि पायाकडे न बघता तोंडाकडे बघतात. कुत्र्याने मान वळवली, कण्हला, हातावर धावून आला, तर काही नसा जिवंत आहेत आणि वाट बघण्यात अर्थ आहे. नुसत्या ताणल्या गेलेल्या नसा काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत, कामाला लागतात. तोवर पंजाला मोजा किंवा बूट घालून जपावं लागतं. मान वळलीच नाही आणि पंजावर जखमा वाढत गेल्या, तर तो पाय ठेवणं म्हणजे संसर्गाला दार उघडं ठेवणं.

दुसरं मोठं कारण हाडाचा कर्करोग, ऑस्टिओसार्कोमा. रॉटवायलर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड अशा मोठ्या अंगाच्या कुत्र्यांत तो अधिक. मनगटाच्या वर, खांद्याजवळ किंवा गुडघ्याच्या आसपास गाठ येते. सुरुवात साध्या लंगडण्याने होते, मुरगळलं असेल म्हणून गोळ्या देण्यात दिवस जातात, आणि तोवर हाड आतून इतकं पोखरलं जातं की पलंगावरून उतरण्याचं निमित्त होऊन ते मोडतं. या रोगात पाय काढणं हा वेदनेवरचा इलाज आहे, रोगावरचा पुरता नव्हे. निदान होतं तेव्हा सुमारे 90 टक्के कुत्र्यांत रोगाचे सूक्ष्म कण फुप्फुसापर्यंत पोचलेले असतात, जरी छातीच्या एक्स-रेत काही दिसत नसलं तरी. नुसता पाय काढला तर साधारण चार-पाच महिने मिळतात. जोडीला केमोथेरपी दिली तर दहा ते बारा महिने, आणि पाचातला एखादा दोन वर्षंही काढतो. हे आकडे डॉक्टरांकडून आधीच स्पष्ट समजून घ्यावेत. चार महिन्यांसाठी एवढी मोठी शस्त्रक्रिया करावी का, याला एकच एक बरोबर उत्तर नाही. वय, उरलेली तब्येत, घरात करणारं कोण आहे, खर्च किती झेपेल, हे सगळं मोजून घेतलेला 'नको' हा निर्णयही प्रेमाचाच असू शकतो.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टर जितकं जाणाऱ्या पायाकडे बघतात त्याहून अधिक उरणाऱ्या तिघांकडे बघतात, निदान बघायला हवं. लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्डचा खुबा आधीच खराब असेल, दुसऱ्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेला असेल, पाठीच्या कण्याचा त्रास असेल, तर गणित बदलतं. रक्ताच्या चाचण्या, छातीचा एक्स-रे आणि वजनाचा काटा, हे तिन्ही ठरलेलं.

मग धक्का बसतो तो किती कापलं हे बघून. पंजा खराब झाला होता आणि डॉक्टरांनी खांद्यासकट पूर्ण पाय काढला, अशी तक्रार कानावर येते. त्यामागे कारण आहे. अर्धवट ठेवलेलं थोटूक कुत्रा टेकवायला जातो, ते फरशीवर आपटतं, घासतं, जखमा होतात. म्हणून पुढचा पाय बहुधा खांद्याच्या फऱ्यासकट काढतात आणि मागचा मांडीच्या मध्यावर किंवा थेट खुब्यातून. वरून स्नायूंचं जाड आच्छादन शिवता येतं आणि केस वाढले की ती बाजू सपाट दिसते. मात्र कृत्रिम पाय बसवायचा विचार मनात असेल तर तो शस्त्रक्रियेच्या आधी बोलायला हवा. कृत्रिम पायाला अडकवायला पायाचा खालचा बराच भाग शिल्लक असावा लागतो. मुळातून काढल्यावर तो रस्ता बंद होतो.

खरं सांगायचं तर बहुतेक कुत्र्यांना त्याची गरज पडत नाही. जयपूरचे पशुवैद्य डॉ. तपेश माथुर यांनी कृष्णा नावाच्या वासरासाठी कृत्रिम पाय तयार केला आणि पुढे इतर गुरांनाही असे पाय बसवले. गुरांच्या बाबतीत ते आवश्यकच ठरतं, कारण गाईचा भार तीन पायांना फार काळ पेलत नाही. वीस-पंचवीस किलोच्या कुत्र्याचं तसं नाही. पट्टे आवळून बसवलेला पाय काचतो, तो रोज काढून कातडी बघावी लागते, आणि कित्येक कुत्री तो अंगावर असताना जेवढं चालतात त्याहून जास्त तो काढल्यावर पळतात.

आता घरी आणल्यावरचे पहिले दहा-पंधरा दिवस. पाय काढलेलं कुत्रं बारा ते चोवीस तासांत उभं राहण्याची धडपड करतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बहुधा चालतंही. पण ते दिसतं भयंकर. अर्धं अंग तासलेलं, लांबच लांब टाक्यांची ओळ, भोवती काळं-निळं पडलेलं, खालच्या बाजूला सूज उतरलेली. टाक्यांखाली पाणी साठून मऊ फुगा आला तर डॉक्टरांना फोटो पाठवून विचारावं; तो दाबून रिकामा करायला जाऊ नये. पहिल्या रात्री कुत्रा रडतो, रिकाम्या भिंतीकडे बघून कण्हतो. ते सगळंच दुखणं नसतं, भुलीच्या आणि तीव्र वेदनाशामकांच्या गुंगीचाही त्यात भाग असतो. वेदनाशामकांनी पोटही जड होतं. दोन-तीन दिवस शी झाली नाही तर घाबरायचं कारण नाही. लघवी मात्र व्हायलाच हवी.

बाहेर न्यायला महागडं काही लागत नाही. अंघोळीचा जुना टॉवेल लांबट घडी करून पोटाखालून घ्यायचा आणि दोन्ही टोकं वर धरायची. उचलायचं नाही, फक्त पडायला लागला तर अडवायचं. नर असेल तर टॉवेल नेमका लघवीच्या जागेवर येणार नाही हे बघायचं, नाहीतर तो आधार मिळूनही अडूनच राहतो. मागचा पाय गेलेला नर पहिल्यांदा झाडाशी जातो तो क्षण बघण्यासारखा असतो. सवयीने तो पाय वर करायला जातो, नेमका उरलेलाच, आणि बसकण मारतो. मग काही पिल्लासारखे बसून उरकायला शिकतात, तर काही पठ्ठे पुढच्या दोन पायांवर तोल सावरून क्षणभर मागचं सगळं अंगच हवेत उचलतात. याला कुणी शिकवलेलं नसतं.

टाके दहा ते चौदा दिवसांत निघतात. तोवर गळ्यातला प्लॅस्टिकचा कोन काढायचा नाही, कितीही केविलवाणा चेहरा केला तरी. औषधांच्या बाबतीतही तसाच कडकपणा हवा. डॉक्टर मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन देतात, नसांच्या वेदनेसाठी गॅबापेंटिन देतात. ते वेळच्या वेळी द्यायचं आणि घरातल्या डब्यातली माणसांची गोळी अर्धी करूनही द्यायची नाही. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होतात. (गिधाडांच्या ऱ्हासामुळे गुरांसाठीचं डायक्लोफेनॅक 2006 साली बंद झालं, हे आपण वाचलेलं असतं, आपल्या सोफ्याखालच्या कुत्र्यालाही ते नको, हे मात्र पुष्कळांना माहीत नसतं.)

नसलेला पाय दुखतो, हे माणसांच्या बाबतीत सिद्ध आहे. कुत्रा सांगू शकत नाही, पण शांत झोपलेला असताना अचानक किंकाळी फोडून उठणं, मागे वळून त्या जागेकडे बघणं, ती जागा सतत चाटणं किंवा चावायला जाणं, कातडी थरथरणं, हे दिसलं तर पशुवैद्य तशीच शंका घेतात आणि नसांचं औषध वाढवतात. अशा वेळी मोबाइलवर केलेलं अर्ध्या मिनिटाचं चित्रीकरण दहा वाक्यांच्या वर्णनापेक्षा डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतं.

एवढं झालं की घरोघरी खरी अडचण उभी राहते ती फरशीची, आणि तिच्याबद्दल दवाखान्यात फारसं कुणी बोलत नाही. कुत्र्याच्या वजनापैकी साधारण 60 टक्के पुढच्या दोन पायांवर असतं. पुढचा एक पाय गेला की उरलेल्या एकावर अंगाचा जवळजवळ निम्मा भार येतो. म्हणूनच मागचा पाय गेलेली कुत्री लवकर सावरतात आणि पुढचा गेलेली चालताना मान खाली-वर झटकत उडी मारल्यासारखी चालतात. तिपाई खडबडीत जमिनीवरही डगमगत नाही, पण तिचा एक पाय सरकला की ती थेट आडवी होते; चार पायांचा कुत्रा घसरला तर सावरतो, तीन पायांचा पडतो. आणि आपल्या फ्लॅटमधल्या चकचकीत टाइल्स तर घसरण्यासाठीच केल्यासारख्या असतात. दोन-तीनदा तोंडावर पडलेला कुत्रा हॉल ओलांडायचं नाकारतो, एका कोपऱ्यात बसून राहतो, आणि घरातले म्हणतात, "खचलाय बिचारा." तो खचलेला नसतो, फरशीला घाबरलेला असतो. त्याच कुत्र्याला मातीच्या अंगणात किंवा खरबरीत शहाबादी फरशीवर न्या, लगेच फरक दिसतो.

उपाय स्वस्त आहे, फक्त घराची शोभा थोडी जाते. त्याच्या झोपण्याच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत अशी पायवाटच घालायची. योगासनांच्या चटया किंवा रबरी तळाच्या पट्ट्या उत्तम. घडी केलेली गोधडी किंवा सतरंजी नुसती टाकली तर ती स्वतःच सरकते आणि काम आणखी बिघडवते. खाली जाळीदार रबर घालावं. नखं दर दोन-तीन आठवड्यांनी कापावीत, कारण वाढलेली नखं टेकली की पंजाची गादी जमिनीला नीट लागत नाही. स्पिट्झ, गोल्डन रिट्रीव्हर यांच्या गाद्यांमधले केसही कापून ठेवावेत. जेवणाचं आणि पाण्याचं भांडं थोडं उंचावर ठेवलं तर पुढचा पाय गेलेल्याला मान खाली घालून तोल सांभाळावा लागत नाही. पावसाळ्यात जिन्याच्या ओल्या पायऱ्या हार्नेस धरल्याशिवाय उतरू देऊ नयेत. सोफ्यावर चढणं त्याला जमतं. घात होतो तो उडी मारून उतरताना, कारण पुढचा पाय गेलेला असेल तर सगळं वजन एकाच मनगटावर येतं. तिथे एक जाड गादी टाकून ठेवली की झालं. स्कूटरवर पुढे उभं करून न्यायची सवय असेल तर ती मात्र कायमची सोडावी.

फरशीइतकाच घातक दुसरा शत्रू म्हणजे लाड. पाय गेला म्हणून आजी तुपाची पोळी देते, मुलं बिस्किटं देतात, शेजारच्या काकू मटणाची हाडं राखून ठेवतात. चार पायांवर खपून जाणारं तीन-चार किलो जास्तीचं वजन तीन पायांना महागात पडतं. अमेरिकेत 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाय काढलेल्या 64 कुत्र्यांच्या मालकांना विचारलं होतं. ज्यांचं वजन शस्त्रक्रियेच्या वेळी जास्त होतं त्यांचं नंतरचं आयुष्य मालकांच्या मते तुलनेने कमी सुखाचं होतं. बोटांनी हलकेच चाचपल्यावर बरगड्या हाताला लागायला हव्यात, ही सोपी खूण. कौतुक करायचंच असेल तर गाजराच्या, काकडीच्या तुकड्याने करावं.

त्याच अभ्यासातले बाकीचे आकडे निर्णयाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांनी जरूर वाचावेत. 91 टक्के मालकांना कुत्र्याच्या स्वभावात काही फरक वाटला नाही, 78 टक्के म्हणाले की तो अपेक्षेपेक्षा चांगला सावरला, आणि 86 टक्क्यांनी सांगितलं की पुन्हा वेळ आली तर हाच निर्णय घेऊ. चार जण 'नाही' म्हणाले, पाच जणांना ठरवता येईना. मला हे नऊ जणही महत्त्वाचे वाटतात. पश्चात्ताप होणाऱ्या माणसाला आपण एकटेच असे आहोत असं वाटत राहतं, तसं ते नसतं.

कारण खरी पडझड बहुतेक वेळा मालकाची होते, आणि ती दुसऱ्या आठवड्यात होते. पहिल्या आठवड्यात धावपळीत काही सुचत नाही. मग रजा संपते, झोप झालेली नसते, टाक्यांकडे बघून पोटात कालवतं आणि मनात येतं, आपण याच्यावर जबरदस्ती तर केली नाही ना? गेट उघडं कुणी ठेवलं, पट्टा का सोडला, लंगडत होता तेव्हाच का नेलं नाही, हे हिशेब घरात सुरू होतात. अशा वेळी कामं वाटून घ्यावीत. औषधं एकाने, फिरवणं दुसऱ्याने, आणि एक पूर्ण रात्र तिसऱ्याने. रोज त्याच वेळी, त्याच ठिकाणी चालतानाचा छोटा व्हिडिओ काढून ठेवावा; पाचव्या दिवसाचा आणि पंधराव्या दिवसाचा शेजारी लावून बघितला की आपल्या डोळ्यांना रोज न दिसणारी सुधारणा दिसते. कुत्रा आपला चेहरा, आवाज, घाई सगळं वाचतो. त्याच्यापुढे रडू येणं स्वाभाविक आहे, पण पाणी पिण्यापुरतंही त्याला उचलून नेणं, दर धडपडीला "अरेरे" करून धावत जाणं, याने तो उठायचंच सोडतो. त्याला धडपडू द्यावं, आपण दोन पावलांवर असावं.

मालिश आणि खाजवणं मात्र भरपूर करावं. उरलेल्या पायांचे, मानेचे आणि पाठीचे स्नायू दुप्पट राबत असतात, संध्याकाळी ते दगडासारखे लागतात. फिरणंही एकदम लांब नको. दिवसातून चार-पाच वेळा पाच-सात मिनिटं, मग हळूहळू वाढवत न्यावं. मागचा उजवा पाय गेलेल्या कुत्र्याचा उजवा कान खाजला की तो मान वाकडी करतो, डोळे अर्धे मिटतो, आणि मांडीच्या उरलेल्या भागाचे स्नायू हवेतच भराभर हलू लागतात. कान खाजवला जात नाही. थोडा वेळ तो तसाच वाट बघतो आणि मग तुमच्या गुडघ्यावर कान घासायला येतो. हे काम आता तुमचं, रोजचं. त्या बाजूच्या कानात गोचीड, मळ, बुरशी आहे का हेही तुम्हालाच बघावं लागतं, कारण तिथे त्याचा पाय पोचत नाही.

घरात दुसरा कुत्रा असेल तर टाके निघेपर्यंत दोघांना वेगळं ठेवावं. दवाखान्याचा वास, वेगळी चाल यामुळे जुना सोबतीही गुरगुरू शकतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न आणखी अवघड. नसबंदी केलेल्या कुत्र्याला त्याच्या मूळ जागी परत सोडायचं, असं 2023 चे नियम सांगतात. मागचा पाय गेलेला, गल्लीत जम बसलेला, रोज कुणीतरी खाऊ घालणारं असलेला कुत्रा तिथे निभावून नेतो. पुढचा पाय गेलेल्या तरण्या कुत्र्याला हमरस्त्याच्या कडेला सोडणं मला बरोबर वाटत नाही. त्याच्यासाठी अंगण शोधावं.

आणि लोक. सोसायटीच्या लिफ्टमध्ये मोठी माणसं हळहळतात, उपदेश करतात, "एवढा खर्च कशाला केलात?" असंही विचारतात. लहान मुलं बरी. ती सरळ विचारतात, "याचा पाय कुठे गेला?" खूप दुखत होता म्हणून डॉक्टरांनी काढला, एवढं सांगितलं की त्यांचं समाधान होतं आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, "चावतो का?" याचं उत्तर मात्र प्रामाणिक द्यावं. टाके निघून महिना झाला नसेल तर कितीही गरीब कुत्रा असो, त्या बाजूने किंवा मागून कुणालाही हात लावू देऊ नये. समोरून, त्याला हात हुंगू देऊन, मग डोक्यावरून.